शाहू महाराज : हुकूम कचेरीत उतरतो तेव्हा

नोव्हाय (मिशिगन) : १९०२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा सोहळा त्याच्या आजारपणामुळे ऑगस्टपर्यंत पुढे ढकलला गेला होता. त्याच सुमारास, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये एक हुकूम छापून आला. संस्थानच्या नोकरीत यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असा त्याचा आशय होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व जाती मागासलेल्या समजाव्यात, अशी व्याख्याही त्यात होती.

एवढा भाग महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. हुकुमाचे पुढचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्याच वर्गातून झाली पाहिजे. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या खात्यात झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारात सादर केला पाहिजे. वर्षातून चार वेळा आपण कोणाला नेमले हे लिहून त्याखाली सही करायची. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, १९६६ पासून, येथील शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी कंपन्यांना आपल्या नोकरवर्गाची वंश व लिंगानुसार वर्गवारी दरवर्षी केंद्र सरकारकडे पाठवावी लागते. कोल्हापूरचा तक्ता त्याहून चौसष्ट वर्षांनी जुना आहे.

हा हुकूम काढणारा राजा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. चौथ्या शिवाजी महाराजांच्या अकाली व दुर्दैवी मृत्यूनंतर कोल्हापूरची गादी रिकामी होती. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू झाले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती, असा हा क्रम. अंगाने पहिलवानी, शिकारीचे आणि कुस्तीचे वेड, दरबारी थाटाचा कंटाळा. खडखडा नावाच्या साध्या गाडीतून हा राजा गावभर हिंडत असे.

राज्य हाती आले तेव्हा कारभाराचे चित्र काय होते, याचे आकडे उपलब्ध आहेत. १८९४ मध्ये सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. याला कोणताही कायदा कारणीभूत नव्हता. ब्राह्मणेतरांना नोकरी देऊ नये, असे कोणत्याही दफ्तरात लिहिलेले नव्हते. शिक्षण एका वर्गाकडे होते, शिकलेला माणूस आपल्या ओळखीतल्या शिकलेल्या माणसाची शिफारस करत होता आणि रिकामी झालेली खुर्ची आपोआप भरत होती. वरकरणी निःपक्षपाती दिसणारा नियमसुद्धा परिणामाने भेदभाव करणारा ठरू शकतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ड्यूक पॉवर कंपनीविरुद्धच्या ग्रिग्ज खटल्यात मान्य केले. कोल्हापुरात विशीतल्या राजाला ते आपल्याच कचेऱ्यांत फिरून दिसले असावे. १८९५ मध्ये त्यांनी भास्करराव जाधव या उच्चशिक्षित मराठा तरुणाला संस्थानच्या नोकरीत आणले.

हे १८९५ साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. महाराजांचे सारे धोरण वेदोक्त प्रकरणातील अपमानातून, म्हणजे सूडबुद्धीतून निपजले, असे त्यांचे टीकाकार तेव्हा म्हणत आणि आजही काही जण म्हणतात. भास्कररावांची नेमणूक त्या प्रकरणाच्या आधीची आहे.

वेदोक्त प्रकरण थोडक्यात असे. पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवत यांनी महाराजांच्या ध्यानी आणून दिले. छत्रपतींना शूद्र समजून ही वागणूक दिली जात होती. महाराजांनी वेदोक्ताचा आग्रह धरला, राजोपाध्यांनी नकार दिला, पुण्याच्या वृत्तपत्रांत वाद पेटला आणि त्यात लोकमान्य टिळक महाराजांच्या विरोधी बाजूला उभे राहिले. अखेर १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. त्यांनी मुंबई सरकारकडे आणि पुढे थेट व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली, ती १९०५ पर्यंत फेटाळली गेली. धर्मचर्चेच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. महाराजांनी शास्त्रार्थ जिंकण्याच्या भरीस न पडता वतनाकडे बोट दाखवले होते. वतन हा सेवेचा मोबदला आहे. सेवा नाकारणाऱ्याला मोबदला मागता येणार नाही. हाच विचार सतरा वर्षांनी, फार वेगळ्या ठिकाणी, त्यांनी पुन्हा वापरला.

निम्म्या जागा राखल्या तरी त्या भरायला माणसे कोठून आणायची, हा प्रश्न हुकुमाच्या आधीच उभा होता. एप्रिल १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहांनी जात घट्टच होईल, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात कोणी भाड्याने खोली देत नव्हते, खाणावळीत पंगतीला बसवत नव्हते. त्याला आधी निवारा हवा होता.

आणि परिणाम? १९१२ पर्यंत सर्वसाधारण प्रशासनातील जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. अठरा वर्षांत हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. महाराजांनी कोणाची नोकरी काढून घेऊन हे केले नाही. जागा रिकामी होण्याची वाट पाहिली आणि ती भरण्याची पद्धत बदलली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण गौरवग्रंथ येथेच टाळ्या वाजवून पुढे जातात. या आकड्यांचा लाभ प्रामुख्याने मराठा, जैन, लिंगायत अशा समाजांना झाला. त्यांच्याकडे थोडीफार जमीन होती, वसतिगृहाचा आधार आधी मिळाला होता. व्याख्येने मागासलेल्या वर्गात असलेला महार किंवा मांग मुलगा शाळेच्या व्हरांड्याबाहेर बसत होता. तो कारकुनीच्या जागेपर्यंत पोचणार कसा? १९०२ च्या हुकुमाने दार कोणासाठी उघडायचे ते सांगितले होते. दारातून आत आलेल्या माणसाला तेथे कसे वागवायचे, याबद्दल त्यात शब्दही नव्हता.

ही उणीव खुद्द राजवाड्याच्या पागेत उघडी पडली. गंगाराम कांबळे हे तेथे नोकर होते. वरच्या जातींच्या नोकरांसाठी असलेल्या हौदातले पाणी घेतल्यावरून त्यांना सहकाऱ्यांनी बेदम मारले. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. म्हणजे निम्म्या जागांचा हुकूम काढणाऱ्या राजाच्या स्वतःच्या आस्थापनेत, पगारी नोकरांत, पाण्याचा हौद जातीने वाटलेला होता आणि तक्ते भरणाऱ्या कोणत्याही खातेप्रमुखाला ते कळवण्याचे कारण नव्हते. महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. कांबळे यांना नोकरीतून मोकळे करून धंद्यासाठी भांडवल दिले. कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोल्हापुरात कोण पिणार? महाराजांचा खडखडा त्या दुकानासमोर थांबू लागला. ते चहा मागवत, आणि गाडीतल्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागे.

ही गोष्ट आपल्याकडे फार लाडकी आहे. वैरणीसाठी धडपडणाऱ्या अशक्त घोड्यांची गोष्टही तशीच. दर जून महिन्यात ती व्हॉट्सॲपवर फिरते. दोन्ही गोष्टींत राजा मोठ्या मनाचा दिसतो, आणि तो होताच. पण राजाने रोज प्रत्येक दुकानासमोर गाडी थांबवणे शक्य नव्हते. महाराजांना हे आपल्या चरित्रकारांपेक्षा अधिक उमगले असावे, असे १९१९ चे हुकूम वाचताना वाटते.

जानेवारी १९१९ मध्ये निघालेल्या या हुकुमांपैकी वैद्यकीय खात्यासाठीचा हुकूम सर्वांत बोलका आहे. अस्पृश्य रुग्णांना इस्पितळाच्या आवारातसुद्धा येऊ दिले जात नाही, हे सरकारच्या नजरेस आले होते. हुकुमाने आधी हे स्पष्ट केले की इस्पितळ ही सार्वजनिक इमारत आहे. तेथे काम करणाऱ्याचे ते खाजगी घर नव्हे. मग डॉक्टरपासून सुईणीपर्यंत सर्वांनी अस्पृश्य रुग्णांना सौजन्याने वागवावे, असे सांगितले. नमुना म्हणून जवळच्या मिरजेतील अमेरिकन मिशनच्या इस्पितळाकडे बोट दाखवले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेल्या त्या इस्पितळात जात विचारून खाट दिली जात नव्हती. आणि शेवटी खरी मेख मारली : ज्या कोणाला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला निवृत्तिवेतन मिळणार नाही.

महसूल, न्याय व इतर खात्यांना, तसेच शाळांनाही याच धर्तीचे हुकूम गेले. खाजगी शिक्षणसंस्थांचे अनुदान त्यांच्या वागणुकीशी जोडले गेले. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, पाणवठे येथे शिवाशिव पाळू नये, असा हुकूम त्याच वर्षी निघाला आणि तो मोडला गेल्यास गावचा पाटील व तलाठी यांना जबाबदार धरले जाईल, असे त्यात नमूद झाले. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा निर्णयही १९१९ चाच.

राजोपाध्यांच्या वतनाची आठवण येथे होते. मन बदला, अशी विनंती यात नाही. इस्पितळातल्या माणसाला घरी सोवळे पाळायला महाराजांनी बंदी केली नाही. राज्याच्या पगारावर असताना मात्र त्याला ते पाळता येणार नव्हते. अमेरिकेत हाच प्रसंग १९६६ मध्ये घडला. दक्षिणेकडील असंख्य इस्पितळांत काळ्या रुग्णांसाठी वेगळे कक्ष होते, काही ठिकाणी प्रवेशच नव्हता. १९६४ च्या कायद्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थांना भेदभावाची मनाई केली होती, तरी भिंती उभ्याच होत्या. १ जुलै १९६६ रोजी मेडिकेअर सुरू होणार होते. भेदभाव करणाऱ्या इस्पितळाला मेडिकेअरचे पैसे मिळणार नाहीत, असे बजावून तपासनीस पाठवले गेले आणि दशकानुदशके टिकलेली विभागणी बहुसंख्य इस्पितळांत अवघ्या काही महिन्यांत कागदोपत्री आणि पुष्कळशी प्रत्यक्षातही संपली. डॉक्टरांची मने तेवढ्यात पालटली असतील, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

या दोन हुकुमांमधला फरक आम्हां मिशिगनवासीयांना विशेष जवळचा आहे. १९०२ चा हुकूम प्राधान्य देणारा होता, १९१९ चे हुकूम भेदभावाला मनाई करणारे. या राज्यात नोव्हेंबर २००६ च्या सार्वमताने सरकारी विद्यापीठांतील प्रवेशात, सरकारी नोकऱ्यांत आणि कंत्राटांत वंश वा लिंगाधारित प्राधान्य देण्यास बंदी घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली. मनाईचा कायदा मात्र शाबूत आहे. डेट्रॉइटच्या डेझी इलियट आणि नोव्हाय ज्या ओकलंड काउंटीत आहे तेथलेच मेल्विन लार्सन, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांच्या नावाने ओळखला जाणारा १९७६ चा मिशिगनचा नागरी हक्क कायदा धर्म, वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, वय, लिंग, इतकेच काय उंची आणि वजन यांवरूनही भेदभाव करू देत नाही. २०२३ मध्ये त्यात लैंगिक अभिमुखता व लिंगओळख यांची भर पडली. नोव्हायच्या वाहनउद्योगातील कचेऱ्यांत काम करणारे आपण मराठी अभियंते राष्ट्रीय मूळ या दोन शब्दांच्या आश्रयाने निर्धास्त असतो. पँट्रीच्या भिंतीवर लावलेला तो फलक आपण क्वचितच वाचतो, कारण तो आपल्या बाजूने आहे.

जात हा शब्द त्या यादीत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने तो आपल्या नियमांत घातला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी संमत केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी सही केली नाही. त्या वेळी भारतीय समाजात, मराठी मंडळांच्या गप्पांतही, कडाक्याचे वाद झाले. असा शब्द कायद्यात आला तर सगळ्याच भारतीयांकडे संशयाने पाहिले जाईल, ही भीती खोटी नाही. पण येथे जात उरलीच नाही, हे सांगणारे बहुतेक जण तिचा फटका कधी न बसलेले असतात, असे माझे निरीक्षण आहे. ७१ पैकी ६० खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींनाही आपल्या कचेरीत भेदभाव आहे असे वाटत नव्हते.

महाराजांच्या शेवटच्या पाच वर्षांतील कामाचा झपाटा थक्क करणारा आहे. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याची मान्यता. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्या जागांवर अस्पृश्य उमेदवारही घेतले. महार वतनाच्या जमिनी रयतावा करून देऊन वेठीतून सोडवण्याचा आरंभही त्याच वर्षी झाला. अस्पृश्य समाजातील माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. मार्च १९२० मध्ये कागलजवळच्या माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांच्या नेतृत्वावर जाहीरपणे विश्वास व्यक्त केला. त्याच्या काही आठवडे आधी निघालेल्या ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते.

या राजवटीची एक मर्यादा मात्र चरित्रकाराने सांगितली पाहिजे. हे सारे हुकूम एका माणसाच्या सहीने निघाले होते. त्यामागे विधिमंडळ नव्हते आणि छत्रपतींविरुद्ध दाद मागावी असे स्वतंत्र न्यायालयही नव्हते. कोल्हापूरच्या सीमेबाहेर, ब्रिटिश मुलखात, तोच बदल घडवायला फार निराळा मार्ग लागला. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने पुढे आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले. पण न पाळणाऱ्यासाठी त्या ठरावात पाटील नव्हता, तलाठी नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते. तीन वर्षांनी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला : जी स्थानिक मंडळे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि तो हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ उजाडले.

हे पाहायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे तीनेक वर्षांत कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते उभारण्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी.